प्रतिसाद: शिक्के आणि स्की

वरच्या लेखात बर्फावर स्की करणाऱ्यांना देशावरून शिक्के मारलेत: जर्मन लिफ्टची रांग मोडतात, आपले लोक उतारावर फोटो काढत बसतात आणि त्यांची स्की सारखी सुटते. जर्मनांचं सोडा की. फोटोचं मात्र खरं आहे. अरुंद जागी किंवा वरून दिसणार नाही तिथं थांबू नये, हा आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या १० नियमांतला सहावा. बेळगावच्या गजबजलेल्या गणपत गल्लीत मध्येच उभं राहिलात तर शिव्या बसतील, इथं हाडं मोडतात.

स्की सुटण्याचा देशाशी काय संबंध? बुटाच्या तळाला बर्फ चिकटला की बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, नीट बसत नाही. काठीनं खरवडा, आधी चवडा अडकवा, मग टाच दाबा. आणि भाड्याच्या दुकानात वजन खरं सांगा. लाजून कमी सांगितलं की बाइंडिंग ढिलं लावतात, नको तिथं सुटतं.