एक्सेल बंद केल्याने प्लॅनिंग सुधारत नाही

रनमास्टर, तळोजा

परवा या फोरमवर एक पोस्ट आली. सार एवढंच: एका मोठ्या कारखान्याने कोट्यवधी मोजून प्लॅनिंगचं नवं सॉफ्टवेअर घेतलं, तरी वर्षभराने प्लॅनर एक्सेलमध्येच बसलेत. म्हणजे दोष प्लॅनरच्या सवयीचा. गो-लाईव्हच्या, म्हणजे नवं सॉफ्टवेअर चालू करायच्या, दिवशीच एक्सेल बंद करा, सगळे सुतासारखे सरळ येतील. खाली बऱ्याच जणांनी मान डोलावली आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

प्लॅनर एक्सेल उघडतो कारण सिस्टीमने दिलेली तारीख खोटी आहे हे त्याला माहीत असतं. तारीख खोटी का, तर मटेरियल मास्टरमधला (सिस्टीममधल्या प्रत्येक मालाच्या मूळ नोंदीतला) लीड टाईम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचे दिवस, खोटा. आयटम उघडताना कुणीतरी 30 टाकलं, त्यानंतर त्या रकान्याला कुणी हात लावला नाही. आयात रेझिनलाही 30, भिवंडीहून येणाऱ्या कार्टनलाही 30. त्या आकड्यांवर प्लॅन काढणारा कितीही महागडा सॉल्व्हर चालवा, चुकीचंच उत्तर येणार, फक्त ते लवकर येईल.

सॉफ्टवेअर विकणारे डेमोत फोरकास्टची, म्हणजे खपाच्या अंदाजाची, अचूकता दाखवतात. एक हिशोब करून बघा. रोजचा खप 100 नग, खपातला चढउतार 30, लीड टाईम 16 दिवस, लीड टाईममधला चढउतार 4 दिवस, सर्व्हिस लेव्हल (माल न संपण्याची खात्री) 95 टक्के म्हणजे गुणक 1.65. सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठी ठेवायचा जास्तीचा माल, येतो 689 नग. आता समजा सॉफ्टवेअरने कमाल केली आणि खपाची अनिश्चितता निम्मी, 15 वर आणली. सेफ्टी स्टॉक 667. एवढा पैसा ओतून 22 नग वाचले. फोरकास्टला हात न लावता वेंडरच्या, म्हणजे माल पुरवणाऱ्याच्या, लीड टाईमचा चढउतार 4 वरून 2 दिवसांवर आणा, स्टॉक 385 वर येतो. सूत्रात खप आणि लीड टाईम, दोन्ही चढउतारांच्या वर्गांची बेरीज एकाच वर्गमुळाखाली आहे, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा लीड टाईमचा आकडा खपाच्या आकड्याला गिळून बसलेला असतो.

आणि एक्सेल बंद करा म्हणणाऱ्यांनी हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीचं प्रकरण काढून वाचावं. 1999 च्या जुलैत, हॅलोवीनच्या सीझनच्या तोंडावर, तीन सॉफ्टवेअर एकदम चालू केली. सल्ला 48 महिन्यांचा होता, उरकलं 30 महिन्यांत. गोदामात माल होता आणि सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचल्या नाहीत.

पेगिंग

हिशोब बरोबर आहे. निष्कर्ष चुकीचा आहे.

4,000 आयटम, 12 ठिकाणं, 52 आठवडे. झाल्या 24,96,000 ओळी. एक्सेलच्या एका शीटमध्ये मावतात 10,48,576. मग प्लॅनर फाईल तोडतात, प्रत्येकाची वेगळी, प्रत्येकाचा स्टॉक वेगळ्या वेळी उतरवलेला. दोन प्लॅनर एकाच 200 किलो रेझिनवर दोन ऑर्डरी कबूल करतात आणि ते कळतं मशीनवर मोल्ड चढल्यावर.

2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्राचा मार्ग सोडून जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालायला लागली. युरोपच्या मालाला साधारण दहा-चौदा दिवस जास्त. त्या वेळी प्रश्न एकच होता: हा कंटेनर न्हावा शेव्याला दोन आठवडे उशिरा लागला तर कोणत्या गिऱ्हाइकाची कोणती ऑर्डर तुटते? कंटेनरमधल्या रसायनापासून कंपाऊंड, कंपाऊंडपासून पार्ट, पार्टपासून असेंब्ली, पुढे तयार माल, पुढे ऑर्डर. पाच पायऱ्या. एक्सेलच्या व्हीलुकअप सूत्राने हे होत नाही. मल्टी-लेव्हल पेगिंग (कोणता माल कोणत्या ऑर्डरीला बांधलाय ते पायरीपायरीने दाखवणं) असलेल्या टूलमध्ये तारीख बदलायची, सिम्युलेशन चालवायचं, तुटलेल्या ऑर्डरींची यादी समोर येते.

लीड टाईम खोटा आहे हे तुम्हाला माहीत आहे, मान्य. मग इतकी वर्षं दुरुस्त का केला नाही? कारण एक्सेल आहे तोवर दुरुस्त करायची कुणाला गरजच पडत नाही. प्लॅनर आपल्या फाईलमध्ये खरा आकडा ठेवतो आणि मास्टर तसाच कुजतो. एक्सेल बंद केलं तरच मास्टर दुरुस्त होईल.

रनमास्टर, तळोजा

दुरुस्त करायला प्लॅनरला हक्क कुठे असतो? मास्टरमध्ये बदल म्हणजे फॉर्म, त्यावर तीन सह्या, आणि सही करणारा विचारणार की लीड टाईम वाढवला तर इन्व्हेंटरी वाढेल, त्याचं उत्तर कोण देणार. आधी हक्क द्या, मग कुलूप लावा.

आणि पहिल्या रनला काय होतं तेही लिहा ना. रात्री एमआरपी, म्हणजे कोणता माल कधी लागेल याचा सिस्टीमचा हिशोब, चालतो; सकाळी एसएपीतली एमडी07 ही स्क्रीन उघडली की शेकड्यांनी एक्सेप्शन, म्हणजे इशाऱ्याचे मेसेज. 10 म्हणजे आधी आणा, 15 म्हणजे पुढे ढकला, 20 म्हणजे रद्द करा. काल ज्या पीओला (खरेदी ऑर्डरीला) 10 होता त्याला आज 15. वेंडरला काल फोन केला की घाई करा, आज सांगायचं की थांबा. तिसऱ्या दिवशी तो फोन उचलत नाही.

पेगिंग

ते सेटिंग न केल्याचं फळ आहे. पुढचे पहिले दोन आठवडे प्लॅनिंग टाईम फेन्स नावाच्या कुंपणात गोठवायचे, त्याच्या आत यंत्राने स्वतःहून काही हलवायचं नाही. रीशेड्युलिंगला टॉलरन्स द्यायचा, म्हणजे दोन-तीन दिवसांच्या हालचालीवर मेसेजच येत नाही. 15 आणि 20 आठवड्यातून एकदा बघायचे, 10 रोज. एवढं केलं की यादी माणसाला पेलण्याइतकी होते. हे न करता सॉफ्टवेअरच्या नावाने बोटं मोडू नका.

फिल्म आणि फॉइल

दोघंही लीड टाईमवर अडलात. बीओएमकडे, म्हणजे एका नगाला कोणता माल किती लागतो त्या यादीकडे, कुणी बघतच नाही. पॅकिंग फिल्म घेतली जाते किलोत, वापरली जाते मीटरमध्ये. मास्टरमध्ये रूपांतर एकच: 40 मायक्रॉन बीओपीपी, घनता 0.905, अर्धा मीटर रुंदी, म्हणजे किलोला 55 मीटरच्या आसपास. वेंडर 42 मायक्रॉन देतो. 5 टक्क्यांच्या टॉलरन्समध्ये आहे, क्यूसी (गुणवत्ता तपासणी) पास करतं. पण आता किलोला 52.6 मीटरच बसतात. 500 किलोच्या मागे 1,300 मीटर गायब. सिस्टीम म्हणते रोल शिल्लक आहे, लाईन थांबलेली. फोरकास्टने काय होणार इथे? जीआरएनच्या, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीच्या, वेळी रोलवरचे मीटर नोंदवा आणि वजन फक्त बिलापुरतं ठेवा.

परचेस, अंबरनाथ

वेंडर तारीख का पाळत नाही हे कुणी बोलेल का? रनमास्टर यांनी 4 वरून 2 दिवस असं लिहिलं, जणू नॉब फिरवायचा आहे. वेंडरचं मागचं बिल थकलंय. त्याला कच्चा माल रोखीने घ्यावा लागतो. ज्याचे पैसे आले त्याचं काम तो आधी मशीनला लावतो. तुमचा लीड टाईम तुमच्या अकाउंट्समध्ये ठरतो, आणि त्याला कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये रकाना नाही.

अकाउंट्स, फोर्ट

सगळं खापर आमच्यावर फोडायची सवय जुनी आहे. आयकराचं 43बी(एच) 2024-25 या करनिर्धारण वर्षापासून लागू झाल्यावर सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं मुदत उलटून वर्षअखेरीपर्यंत थकली तर त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही. उशीर कुणालाच परवडत नाही. बिल अडतं ते पीओचा दर आणि बिलाचा दर जुळत नाही म्हणून, जीआरएन नाही म्हणून, क्यूसीचा शेरा नाही म्हणून. थ्री-वे मॅच, म्हणजे पीओ, जीआरएन आणि बिल यांचा मेळ, झाल्याशिवाय पैसे सोडले तर ऑडिटर आमची मान धरतो.

वेंडर, रबाळे

जीआरएन नाही म्हणून, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. गाडी 24 तारखेला गेटवर येते, गेट एंट्री होते, माल आत जातो, वापरलाही जातो. जीआरएन पुढच्या महिन्याच्या 3 तारखेला. का? महिनाअखेरीला इन्व्हेंटरी कमी दिसायला हवी. आणि पैसे द्यायचे तुमचे 45 दिवस त्या 3 तारखेपासून मोजले जातात.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा 2006 चा एमएसएमईडी कायदा काय सांगतो ते वाचा. पैसे द्यायची मुदत लेखी करार नसेल तर 15 दिवस, असेल तर जास्तीत जास्त 45. 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला तोच दिवस स्वीकाराचा. जीआरएनचा दिवस कायद्यात कुठेही नाही. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, पण करणाऱ्याला पुढचा पीओ मिळत नाही, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

अकाउंट्स, फोर्ट

आमच्याकडे गेट एंट्री दिसतच नाही, ती सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये असते. आम्ही जी तारीख दिसते तिच्यावर चालतो. आणि ट्रेड्सचा मार्ग आहे की, म्हणजे लघु उद्योगांच्या बिलांवर बँका बोली लावून आधीच पैसे देतात तो ऑनलाईन मंच. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर यावंच लागतं. बिल तिथे चढवा, दोन दिवसांत पैसे घ्या.

वेंडर, रबाळे

ताई किंवा साहेब, जे असाल ते: ट्रेड्सवर बिल तुम्ही मान्य केल्याशिवाय कुणी बोली लावत नाही. नोंदणी केलीत, बिल मान्य करत नाही. सक्ती नोंदणीची आहे, मान्यतेची नाही. तुम्ही हे जाणता आणि तरी आम्हालाच मार्ग दाखवता, याचा राग येतो.

परचेस, अंबरनाथ

शिवाय 43बी(एच) आल्यावर काही खरेदीदारांनी लघु सोडून मध्यम उद्योगांकडे काम वळवलं, कारण मध्यमला आणि ट्रेडरला ते कलम लागत नाही. दहा वर्षं चाललेला साचा, नीट बसलेला प्रोसेस, सोडून नव्या वेंडरकडे. पहिल्या तीन लॉटचा रिजेक्शन रेट बघा म्हणजे कळेल. आणि प्लॅनिंगच्या मास्टरमध्ये नव्या वेंडरला लीड टाईम जुन्याचाच!

पेगिंग

धागा प्लॅनिंग सॉफ्टवेअरचा आहे. बिलांचा वेगळा काढा.

परचेस, अंबरनाथ

वेगळा का काढायचा? तुम्हीच लीड टाईम मास्टर दुरुस्त करा म्हणालात. पीओ ते जीआरएन असा हिशोब काढणार ना? जीआरएन दहा दिवस उशिरा पोस्ट झाला असेल तर तुमचा लीड टाईम दहा दिवसांनी फुगलेला निघतो. वर चढउतारही फुगतो, कारण महिन्याच्या सुरुवातीला आलेल्या मालाचा जीआरएन त्याच दिवशी होतो. रनमास्टर यांचे ते 4 दिवस कदाचित वेंडरचे नाहीतच. तुमच्याच महिनाअखेरीचे आहेत.

रनमास्टर, तळोजा

हे मान्य करावं लागतंय. उलट्या बाजूची चूकही आहे: घाईचा माल फोनवर मागवतात आणि पीओ मागाहून काढतात. त्यात लीड टाईम एक दिवस निघतो. आणि एक पीओ तीन हप्त्यांत आला तर पहिल्या हप्त्याची तारीख धरली की वेंडर देवमाणूस वाटतो.

पण पेगिंग यांच्या बाजूने यातलं काहीच जात नाही. हा कचरा नव्या टूलमध्ये ओतला तर ते अचूक दशांशात चुकीचं सांगेल.

पेगिंग

ओतायच्या आधी गाळायचा. गाळायला सहा महिने लागत नाहीत. मूल्याने वरचे 200 आयटम घ्या, साधारण तेवढ्यातच बहुतेक पैसा अडकलेला असतो. बारा महिन्यांचे पीओ काढा. पीओची तारीख गेट एंट्रीच्या पाच दिवसांच्या आत असलेल्या ओळी बाजूला काढा, ते फोनवरचे पीओ. पावती म्हणून जीआरएन सोडून गेट एंट्रीची तारीख धरा, हप्ते असतील तर शेवटचा. मग सरासरीऐवजी मधला आकडा घ्या, एका बंद पडलेल्या जहाजाने सरासरी बिघडते. क्यूसीचे दिवस यात मिसळू नका, ते जीआर प्रोसेसिंग टाईममध्ये, म्हणजे माल आल्यावर तपासून स्टॉकात घ्यायच्या दिवसांत. आणि लक्षात ठेवा, प्लॅन्ड डिलिव्हरी टाईम (वेंडरकडून माल यायचे दिवस) कॅलेंडरच्या दिवसांत मोजला जातो, जीआर प्रोसेसिंग कामाच्या दिवसांत. दोन्ही एकाच पद्धतीने भरले की आठवड्यामागे एक-दोन दिवस चुकतात.

डिस्पॅच, भिवंडी

त्यात कॅलेंडरही घाला. महाड, लोटे-परशुरामच्या वेंडरचा माल गणपतीच्या आधी अडतो, कारण मुंबई-गोवा महामार्गावर त्या दिवसांत जड वाहनांना बंदी येते. माणसंही गावाला. सिस्टीमच्या कॅलेंडरमध्ये सुट्टी एक दिवसाची, गणेश चतुर्थी. प्रत्यक्षात आठवडा-दीड आठवडा काही हलत नाही. दरवर्षी ठरलेलं आहे, तरी दरवर्षी धावपळ. वेंडरनिहाय प्लॅनिंग कॅलेंडर बनवता येतं, कुणी बनवत नाही.

वेंडर, रबाळे

गेट एंट्रीची तारीख धरणार असाल तर ती सिक्युरिटीच्या रजिस्टरमधून सिस्टीममध्ये आणावी लागेल. आणि एकदा ती सिस्टीममध्ये आली की आमच्या 45 दिवसांचा हिशोबही तिथूनच सुरू करायचा. प्लॅनिंगला एक तारीख आणि पेमेंटला दुसरी, हे चालणार नाही.

अकाउंट्स, फोर्ट

तारीख सिस्टीममध्ये आली तर मोजू. पण मग गाडीसोबत टेस्ट सर्टिफिकेट आणि बरोबर पीओ नंबर असलेलं चलन आलंच पाहिजे. अर्ध्या गाड्यांचं चलन जुन्या पीओवर असतं.

वेंडर, रबाळे

पीओतल्या बदलाची अमेंडमेंट वेळेवर पाठवा, चलन बरोबर येईल.

रनमास्टर, तळोजा

200 आयटमचं काम आधी एक्सेलमध्येच करावं लागणार, हे पेगिंग यांच्या लक्षात आलं असेल. तेवढे आकडे मास्टरमध्ये चढले आणि प्लॅनरला बदलाचा हक्क मिळाला की त्या 200 साठी एक्सेल बंद करायला माझी हरकत नाही. बाकीच्यांसाठी आहे.

पेगिंग

200 तर 200. पण बंद म्हणजे बंद. फाईल सेव्ह करून डेस्कटॉपवर ठेवायची नाही.