मदत हवी आहे: स्वस्तातले दगड, सुरी झकास, पण वस्तरा ओढतोय

बोथट

मंडळी, नमस्कार.

महिनाभर धार लावायच्या नादाला लागलोय. हात बसेपर्यंत दगडांची वाट लागणार हे ठाऊक होतं, म्हणून महागडं काही घ्यायचं नाही असं आधीच ठरवलेलं. आत्ता जवळ आहे ते एवढंच: सिलिकॉन कार्बाइडचा काळपट, खरबरीत दुपदरी दगड. १०००/६००० चा (आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक), साबणाच्या वडीसारखा दिसणारा दुसरा एक दुपदरी. आणि आजोबांच्या पेटीतून त्यांच्या वस्तऱ्यासोबत निघालेला एक करडा, तेलकट दगड, ज्याची जात मला माहीत नाही.

सुऱ्यांवर मी खूश आहे. घरातल्या सगळ्या, मग शेजाऱ्यांच्याही, १००० च्या बाजूवर काढल्या. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरला तरी सुरी आवाज न करता उतरते. त्याने अंगात आलं आणि आजोबांचा वस्तरा हातात घेतला.

१००० वर शंभरेक हात मारले, ६००० वर तेवढेच, मग चामड्याच्या पट्ट्यावर साठ. हातावरचे केस निघतात. पण गालावर दुसऱ्याच ओढीला डोळ्यांत पाणी येतं. कापत नाही, उपटतो. चार वेळा पहिल्यापासून केलं, फरक शून्य.

माझा संशय ६००० च्या बाजूवर आहे. त्यावर लिहिलेला आकडा खरा असेलच असं नाही. तर प्रश्न असे: हा दगड बोगस आहे का? १२००० चा घेऊ का? आणि तो करडा दगड वापरात आणावा का?

कडकपोलाद

स्पष्ट बोलतो, राग नसावा. वस्तऱ्याला स्वस्त दगड चालत नाहीत. एक चांगला घ्या, विषय संपवा. आजोबांच्या वस्तऱ्यावर प्रयोग कशाला?

निसणा

बोथटराव, थांबा. दगड विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी करून बघा, दोन्ही फुकट आहेत.

हातावरचे केस काढून बघितलेत, पण वस्तऱ्याच्या कुठल्या भागाने? टाच (दांडीकडचं टोक), मध्य आणि पुढचं टोक असे तिन्ही भाग वेगवेगळे लावून बघा. दुसरं, धारेच्या दोन्ही उतारांवर काळा मार्कर फिरवा, वाळू द्या आणि १००० वर नेहमीसारखे फक्त पाच हात मारा. मग भिंगातून शाई कुठे उरलीय ते सांगा.

कोनाची चिंता करू नका. सुरीला कोन आपला हात देतो, वस्तऱ्याला त्याची पाठच देते. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवायची, बस. पाठ साडेचार मिमी जाड आणि पाठीपासून धारेपर्यंत १६ मिमी असेल, तर दोन्ही उतार मिळून साधारण १६ अंश होतात. स्वयंपाकघरातल्या सुरीला एकेका बाजूला १५ ते २० अंश, म्हणजे मिळून त्याच्या दुप्पट. वस्तरा नाजूक का, ते इथेच कळतं.

बोथट

केलं. चाट पडलो. टाचेकडचा आणि टोकाकडचा भाग केस साफ उडवतो, मधला भाग त्यांच्यावरून नुसता घसरतो. मार्करचंही तेच. दोन्ही टोकांना शाई गेली, मधे अख्खी पट्टी काळीच्या काळी. मी आजवर टोकानेच तपासत होतो, म्हणून कळलं नाही.

म्हणजे वस्तरा वाकडा आहे?

निसणा

वस्तरा असेलही वाकडा, पण माझी पैज दगडावर आहे. महिनाभर सुऱ्या कुणाच्या आणि कुठल्या बाजूवर घासल्यात? १००० वर, आणि बहुतेक मधोमध. तिथे खळगा पडलाय.

सुरीच्या धारेला पोट असतं. एका वेळी तिचा थोडासाच भाग दगडाला लागतो, म्हणून ती खळग्यात उतरून मजेत घासली जाते. वस्तरा सरळ. तुमचा दगड ६० मिमी रुंद आणि वस्तऱ्याची धार ७५ मिमी लांब आहे असं धरा. हात टाचेपासून सुरू होतो आणि तिरका सरकत टोकाशी संपतो. मधे खोलगट असलेल्या दगडावर वस्तरा फक्त दोन कडांवर टेकतो, पुलासारखा. सुरुवातीला ते दोन बिंदू टाचेपाशी आणि ६० व्या मिमीला. शेवटी १५ व्या मिमीला आणि टोकाशी. मधले ४५ मिमी दगडाला शिवलेलेच नाहीत! त्यावर ६००० फिरवा की १२०००, जिथे १००० वर धारच धरलेली नाही तिथे बारीक दगड नुसती चकाकी आणणार.

पेन्सिलने दगडावर सेंटिमीटरभर अंतराच्या आडव्या-उभ्या रेघा ओढा. जाड काचेवर २२० चा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा आणि दगड त्यावर घासा. जिथे रेघा राहतील तिथे खळगा. सगळ्या जाईपर्यंत घासायचं, पुन्हा रेघा, पुन्हा घासायचं. मग कडा ४५ अंशात किंचित मोडा, नाहीतर दगडाचा कोपरा धारेला टवका पाडतो. शेवटी नळाखाली ब्रशने धुवा. पेपरचा एक दाणा दगडात अडकला तरी धारेवर ओरखडा येतो.

पट्टेवाला

निसण्याशी सहमत. दोन पैसे माझेही.

आकड्यांचा घोळ. दगडावरचा १००० आणि पॉलिश पेपरवरचा १००० एक नव्हे. पेपरवरचा पी २००० म्हणजे दाणा साधारण १०.३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि जपानी मोजमापाचा १००० चा दगड त्याच्याच आसपास येतो. ६००० म्हणजे सुमारे २ मायक्रॉन. तेव्हा काचेवर लावलेला पी २००० चा ताजा पेपर हाही वस्तऱ्याची धार धरायला चालतो, आणि काच सपाट असते हा त्याचा मोठा गुण. पेपर किंचित दबतो, म्हणून दाब अगदी नावापुरता.

१२००० म्हणून जो स्वस्त, कडक, करडा दगड विकतात तो बहुतेक वेळा चीनच्या ग्वांग्शीतला नैसर्गिक दगड असतो. नैसर्गिक दगडाला नंबर हा मुळात अंदाजपंचे. वाईट नाही, पण भयंकर संथ. पाणी लावून शंभर हात मारले तरी पठ्ठ्याला घाई नसते. ६००० नंतर शेवटचा हात म्हणून ठीक.

आजोबांच्या दगडात तेल मुरलंय, त्यामुळे तो पाण्यावर नीट चालणार नाही. एक तर तेलावरच वापरा किंवा थेंबभर भांड्यांचा साबण घालून बघा. त्यावरची काळी चकाकी म्हणजे अडकलेला धातू. ती काढली नाहीत तर दगड कापणार नाही.

आणि पट्टा! पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे. वळवताना वस्तरा पाठीवर फिरवायचा, धार वर उचलून. धारेवर वळवलात तर पट्ट्याला चीर आणि धारेला वळ, दोन्ही एकदमच. पट्टा ताणून धरा. सैल पट्टा धार गोल करतो.

कडकपोलाद

खळग्याचा मुद्दा पटला. पण महाग दगडाला खळगा इतक्या लवकर पडला नसता, एवढं तरी मान्य करा.

निसणा

उशिरा पडला असता, हे मान्य. पडला मात्र असताच. सपाट करणं दोघांनाही चुकत नाही.

बोथट

अपडेट देतोय.

पेन्सिलच्या रेघांचं लाजिरवाणं चित्र निघालं. चारपाच घासण्यांत कडेच्या रेघा गेल्या, पण मधोमध एक लांबट होडी जशीच्या तशी. दगडावर पट्टी आडवी ठेवून उजेडाकडे धरली, तर खालून उजेडाची चंद्रकोर दिसली. एवढं उघड होतं आणि मी ६००० ला शिव्या घालत होतो.

सपाट करायला पाऊण तास आणि पेपरचे दोन ताव लागले. काचेवर राखाडी लगदा, मनगटं भरून आली. तिसऱ्यांदा ओढलेल्या रेघा एकदम सगळ्या गेल्या तेव्हा थांबलो.

मग १००० वर पुन्हा मार्कर. या खेपेला पाच हातांत मधलीही शाई गेली. दाब कमी करत करत शेवटचे दहा हात वस्तऱ्याच्या नुसत्या वजनावर मारले. भिंगात धारेवर कुठे पांढरी चमक, म्हणजे बोथट राहिलेली जागा, दिसली नाही. मग तोच ६०००, तोच पट्टा. आणि आज सकाळी पहिल्यांदा गालावर काही जाणवलंच नाही. आरशात बघून खात्री केली, केस खरंच गेले होते.

एकच तक्रार उरलीय. टाचेकडचा अर्धा सेंटिमीटर अजून ओढतो, आणि मार्करची शाईही तेवढ्यापुरतीच राहते. दगड सपाट आहे, दोनदा बघितलं. तिथे काय?

पट्टेवाला

टाचेपाशी वस्तऱ्याच्या अंगाला जाड खांदा आहे का, जिथून दांडीकडचा भाग सुरू होतो? तो दगडावर चढतोय आणि धारेला उचलून धरतोय. खांदा दगडाच्या कडेबाहेर ठेवून हात सुरू करा, सगळी टाच दगडावर आणू नका. आणि पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर इलेक्ट्रिकची टेप लावली असेल तर सगळे हात एकाच थरावर मारा. मधेच काढली तर कोन बदलतो आणि मार्कर खोटं सांगतो.

बोथट

खांदा आहे. टेप नव्हती. रविवारी बसतो, आणि सुऱ्यांसाठी तो काळा दगड वेगळा काढून ठेवलाय.