समुद्रसपाटी सगळीकडे सारखी नसते
पाणी आपोआप समपातळीत येते, म्हणून समुद्राची सरासरी उंची सर्वत्र एकच असणार, हे वरच्या प्रतिसादातील म्हणणे मला पटत नाही. ती समपातळीच मुळात जागोजागी कमी-जास्त असणाऱ्या गुरुत्वाकर्षणामुळे उंचसखल असते. सांगलीत पुराच्या दिवसांत आयर्विन पुलाजवळची पातळी आम्ही फूट-इंचांत वाचतो, तेव्हा मोजपट्टी पक्की बसवलेली असते. उपग्रहाला असा आधार नसल्यामुळे रडारलहर पाण्यावरून परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढून ते कक्षेच्या उंचीतून वजा करतात, आणि अनेक वर्षांच्या सरासरीत लाटा, भरती-ओहोटी, ऋतुबदल गळून पडतात. मग जे दिसते ते खरोखर थक्क करणारे आहे: श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागराचा पृष्ठभाग पृथ्वीच्या संदर्भ-लंबगोलापेक्षा (म्हणजे मोजणीसाठी गृहीत धरलेल्या पृथ्वीच्या गुळगुळीत, किंचित चपट्या आकारापेक्षा) सुमारे १०० मीटर खाली आहे. इस्रो आणि फ्रान्स यांनी २०१३ मध्ये सोडलेला ‘सरल’ हा उपग्रह अशाच मोजणीसाठी होता.