गायकाची गोष्ट सांगणाऱ्या सिनेमात पडद्यावर गाणाराच हवा का?

फोंडेकार
हा विषय गोव्यातल्या रसिकांपुढे मुद्दाम ठेवतोय. आपल्याकडे जत्रेतल्या संगीत नाटकात नट ऑर्गनच्या सुरावर स्वतः गातो आणि वन्समोअर आला की पुन्हा गातो. सिनेमात मात्र गायकाच्या भूमिकेतल्या माणसाचा गळा दुसऱ्याचा असला तरी आपण चालवून घेतो. इतर सिनेमांचं ठीक आहे. पण गाणं हाच कथेचा विषय असेल तर चालवून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

माझा सगळ्यात आवडता संगीतपट म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ (२०२०). त्यात शिष्य झालेले आदित्य मोडक स्वतः गायक आहेत. गुरुजी झालेले अरुण द्रविड तर मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताई आमोणकरांकडे शिकलेले, म्हणजे आपल्या साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या, मोगूबाईंच्या कुर्डी गावाचा धागा थेट तिथे पोचतो. कथा आहे ती वर्षानुवर्षं रियाज करूनही कमी पडणाऱ्या शिष्याची. हे कमी पडणं ऐकू यायला हवं, आणि तीच खरी कठीण गोष्ट. बेसूर गाऊन दाखवणं सोपं असतं. इथे सूर लागलेला आहे, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणंही चुकत नाही, तरी आलाप वाढत नाही. रागात एक पाऊल पुढे टाकायचं तिथे गळा पाठ केलेल्या जागेवर परत येतो. पार्श्वगायक आला असता तर त्याने आपलं उत्तमच गाणं दिलं असतं आणि कथाच कोसळली असती.

दुसरं कारण श्वासाचं. द्रुत (जलद) तीनतालात मिनिटाला २४० मात्रा, म्हणजे ठोके, धरले तर १६ मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, ४ सेकंदांत संपतो. दोन आवर्तनांची तान (जलद स्वरांची मालिका) म्हणजे एका दमात ८ सेकंद. शेवटी छाती रिकामी झालेली दिसते, मान किंचित पुढे येते, सम गाठल्यावर लगेच श्वास घेतला जातो. ओठ हलवणारा नट तानेच्या मधोमध श्वास घेतो आणि त्याला ते कळतही नाही.

पायपेटी
फोंडेकारबाब, ‘डिसायपल’बद्दल मान्य. पण एका सिनेमावरून नियम काढू नका. ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) घ्या. खाँसाहेब झालेत सचिन पिळगांवकर, गळा राहुल देशपांडे यांचा. सदाशिव झालेत सुबोध भावे, गळा महेश काळे यांचा. पंडितजी झालेले शंकर महादेवन मात्र स्वतःच गायलेत. म्हणजे तुमची कसोटी एकाच सिनेमात लावून बघता येते. मला तरी पंडितजींचं गाणं पडद्यावर जास्त खरं आणि खाँसाहेबांचं कमी खरं वाटलं नाही. खाँसाहेबांचा मत्सर, उर्दूचा लहेजा, गादी मिळाल्यावरही न भागणारी भूक हे डोळ्यांतून दाखवायला कसलेला नटच लागतो.

‘बालगंधर्व’ (२०११) तर उसन्या गळ्याशिवाय झालाच नसता. बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आहेत, पण ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम ३ मिनिटांची. रंगभूमीवर तेच पद वन्समोअर घेत कितीतरी लांबायचं. तो विस्तार दाखवायचा तर आज ती गायकी आत्मसात केलेला गळाच हवा. तो आनंद भाटे यांनी दिला, त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्यांनाच लुगडं नेसवून उभं करायला हवं होतं का?

डिचोलीकार
मी फोंडेकारांच्या बाजूने. उसन्या गळ्याने काय बिघडतं ते पाहायचं तर ‘बैजू बावरा’ (१९५२) बघा. संगीतासाठी मला तो अतिशय प्रिय आहे, पण जुगलबंदीपाशी घोटाळा आहे. सिनेमाभर भारतभूषण यांना महंमद रफींचा आवाज. अकबराच्या दरबारात तानसेनाशी सामना सुरू होतो आणि बैजूच्या तोंडून एकदम शास्त्रीय गायक द. वि. पलुसकर गायला लागतात! तानसेनाला आवाज अमीर खाँसाहेबांचा. देसी रागातलं ते गाणं दहा वेळा ऐकावं असं आहे. पण ज्या गळ्याची गोष्ट दोन तास ऐकली, तो गळा नेमका निर्णायक क्षणी गायब.

आणि बैजू जिंकला हे कळतं कशावरून? संगमरवर वितळतो त्यावरून. गाण्याचा निकाल गाण्याबाहेर लावावा लागला. ‘बसंत बहार’मध्ये (१९५६) ‘केतकी गुलाब जूही’त मन्ना डे जिंकतात आणि भीमसेन हरतात. कथेची गरज म्हणून ठीक, पण कानाला ते कसं पटणार?

साऊंडवाला पणजी
दोन्ही बाजू गळा कोणाचा यावर भांडताहेत. पडद्यावर खोटं दिसतं ते बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाने. पायपेटींच्या उदाहरणातले शंकर महादेवन घ्या. आवाज स्वतःचा असला तरी गाणं स्टुडिओतलं, सेटवर त्यांनीही ओठच जुळवायचे. स्वतःच्या गाण्यावर ओठ जुळवणारा गायकही फसतो, कारण प्रत्यक्ष गाताना तीच जागा तो दुसऱ्यांदा तंतोतंत तशी घेत नाही.

नेहमीच्या चुका सांगतो. पहिली, नट सेटवर नुसते ओठ हलवतो. त्याने मोठ्याने गायलाच हवं, बेसूर का होईना. तरच गळ्याच्या शिरा ताणतात आणि पोट हलतं. दुसरी, सेटवर गाणं वाजवणारा स्पीकर लांब ठेवतात. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १४ मीटरवरच्या नटाला सूर जवळजवळ एक फ्रेम उशिरा पोचतो (२४ फ्रेमच्या गतीत एक फ्रेम ४२ मिलिसेकंद). त्यात नटाचा स्वतःचा उशीर मिळवला की तान ओठांच्या पुढे धावते. स्पीकर नटाच्या पायाशी ठेवा, नाहीतर कानात छोटा इयरफोन द्या. तिसरी चूक साथीदारांची. मागे बसलेला एक्स्ट्रा तानपुरा तबल्याच्या ठेक्यावर छेडतो. तानपुऱ्याला तबल्याची लय नसते. पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तिन्ही तर्जनीने, आपल्या संथ गतीने, खंड न पाडता.

एक सूचना गायकाच्या पट्टीवर (त्याचा षड्ज कुठला यावर) वाद घालणाऱ्यांना. २४ फ्रेमचा सिनेमा जुन्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २५ फ्रेमने पळतो. वेग ४ टक्के वाढतो आणि स्वर साधारण अर्ध्या स्वराच्या सत्तर टक्के वर चढतो. पेटीवरच्या काळी एकचा षड्ज पांढरी दोनच्या जवळ जातो. त्यावरून गायकाची पट्टी ठरवू नका.

म्हापशेकार
सगळी चर्चा गळ्याभोवती, आणि तीही गोव्यात बसून! ‘नाचोंया कुंपासार’चं (२०१५) नावही अजून कोणी काढलं नाही. दिग्दर्शक बार्डरॉय बार्रेटो यांनी संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्या काळातली वीसेक कोंकणी गाणी घेऊन त्यांच्यातूनच लॉरी आणि डोनाची कथा विणली. इथे गाणं कथेत घातलेलं नाही, कथाच गाण्यांच्या क्रमाने पुढे सरकते. काही ठिकाणी याची किंमत मोजावी लागते: गाण्याला जो भाव आधीपासून आहे त्याच्यासाठी प्रसंग ओढून आणल्यासारखा वाटतो. तरी क्लबमधला वाजवणारा माणूस, त्याचं गाणारीवरचं प्रेम आणि त्याच प्रेमातला हुकूमशहा हे तिघेही एकाच बँडमध्ये दिसतात.

हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात स्वरलिपी लिहिणारे आणि वाजवणारे आपले लोक होते: माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, हळदोण्याचे चिक चॉकलेट, शंकर-जयकिशन यांच्यासाठी संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा. त्यांच्यासारख्यांची गोष्ट पडद्यावर आणायची तर वादकाचं अंग कसं दाखवायचं हा प्रश्न गळ्याइतकाच मोठा आहे. ट्रंपेटला व्हॉल्व्ह (बोटाने दाबायच्या कळा) तीनच. एकही न दाबता सा, प, तार सा, त्यावरचा ग असे स्वर निघतात, नुसत्या ओठांच्या ताणावर. नटाला बोटं शिकवून काम भागत नाही. गाल फुगले की बहुतेक वेळा ओळखावं, हा वाजवत नाही.

पायपेटी
म्हापशेकारांनी दार उघडलंच आहे तर ‘जलसाघर’ (१९५८) आत घेतो. सत्यजित राय यांचा सिनेमा, संगीत विलायत खाँ यांचं. बेगम अख्तर पडद्यावर स्वतः गातात, रोशनकुमारी स्वतः नाचतात. इथवर फोंडेकार खूश होतील. पण गोष्ट त्यांची नाहीच. गोष्ट आहे ऐकणाऱ्या जमीनदाराची, तो शेवटचा पैसाही मैफलीवर उधळतो. छबी विश्वास यांना एक सूरही गावा लागत नाही, फक्त ऐकावं लागतं. तुमचा नियम इथे कुणाला लावणार?

फोंडेकार
लावणार नाही, माघार घेतो, पण तेवढ्यापुरतीच. नियम असा सुधारतो: ज्याचं यश किंवा अपयश गाण्यातच ठरतं, त्याने गायला हवं. ‘जलसाघर’ सुटला, ‘बालगंधर्व’ही अर्धा सुटला, कारण त्यात कर्ज, कंपनी आणि वय यांचीही गोष्ट आहे. ‘कट्यार’ सुटत नाही. दोन घराण्यांचा सामना आहे तिथे.

पायपेटी, खाँसाहेबांचं एक द्रुत गाणं आवाज बंद करून बघा. तबल्याचा हात दिसत नाही अशा ठिकाणी, फक्त त्यांच्या चेहऱ्यावरून सम कुठे पडली ते सांगता येतं का, ते कळवा. मग गायक वसंतराव देशपांडे यांच्यावरच्या ‘मी वसंतराव’मधल्या (२०२२) मैफलीवर हाच प्रयोग करा, तिथे राहुल देशपांडे स्वतः आहेत.

साऊंडवाला पणजी
प्रयोग चांगला आहे, पण शॉट निवडून घ्या. समेवर कट मारलेला असेल तर सम संकलकाने दाखवलेली असते, गायकाने नव्हे. निदान दोन आवर्तनं कट नाही असाच तुकडा घ्या.