ज्येष्ठांच्या सोसायटीत सेल आणि रिपेअर टेबल, कुणी चालवतं का?

आमच्या पुण्याच्या ज्येष्ठांच्या सोसायटीत दिवाळीआधी जुन्या वस्तूंचा सेल करायचाय, पैसे कामवाल्या मावशींच्या मुलांच्या फीला. किमती कशा लावता?

>> काकू, आम्ही करतो. पितळी भांडी आधी वजन करून मोडीचा भाव बघा, त्याखाली देऊच नका. साड्या, पुस्तकं सरसकट एका भावात. पैसे मोजायला कायम दोघं.

>> रिपेअरचं टेबल पण ठेवा, आमचे ८१ वर्षांचे काका बसतात, पंखा हळू फिरतोय म्हटलं की आधी २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (पंख्याच्या मोटरला जोर देणारा छोटा भाग) बदलून बघतात, मिक्सरचा झिजलेला कपलर (भांडं मोटरला जोडणारी चकती) तर लगेच, पार्टचे पैसे वेगळे आणि मजुरी मदतीच्या डब्यात. गिझरला मात्र हात लावत नाहीत, बरोबरच आहे.

>> भारीच! आमचे हे रिटायर्ड फिटर आहेत, आजच विचारते.