खरिपाआधी बियाणं, खत, औषधांचा साठा किती भरावा? हिशोबाची पद्धत सुचवा

दारव्ह्याकडचा
राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यात गावातच आमचं कृषी केंद्र हाय, सोयाबीन, कपाशी, तूर असा सगळा पट्टा. मे लागला की कंपनीची माणसं येऊन बसतात, इतक्या बॅगा उचला तर स्कीम, तितक्या उचलल्या तर टूर, आणि बाबा म्हणतात गेल्या साली जेवढं खपलं तेवढंच मागव. मले दोन्ही पटत नाही. गेल्या साली खपलं म्हणजे दुकानात होतं तेवढं खपलं ना, जी माणसं नाही ऐकून परत गेली ती कुठं लिहिली हाय? आणि स्कीमच्या नादात उरलेली बॅग ऑक्टोबरात कोण घेते? पैसा तसाही उधारीत अडकून असते, सोयाबीन निघाल्याशिवाय सुटत नाही. कॉलेजात ऑपरेशन्स रिसर्चचा पेपर होता, त्यात इन्व्हेंटरीचं एक वर्गमूळवालं सूत्र होतं, ते इथं लागू पडते का? बियाणं, युरिया-डीएपी, औषधं सगळ्याले एकच पद्धत का वेगवेगळी? कोणी खरंच वापरत असन तर सांगा. सॉफ्टवेअर, व्हिडिओ काहीही चालते.

वऱ्हाडी_गणित
भाऊ, मी मूळचा अकोल्याकडचा, सध्या पुण्यात स्पेअर पार्टचं प्लॅनिंग करतो, पण घरी शेती आहे म्हणून हा प्रश्न जवळचा. पहिली गोष्ट, एकच पद्धत अजिबात नको. ते वर्गमूळवालं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलं, ईओक्यू म्हणतात त्याला, एका खेपेला किती माल मागवला की एकूण खर्च कमीत कमी पडतो ते काढायचं सूत्र, आणि त्यात धरलेलं असतं की मागणी वर्षभर एकसारखी चालू आहे. सोयाबीन बियाण्याची मागणी येते मृगाचा पाऊस पडल्यावर, आठ-पंधरा दिवसांत सगळा खेळ, नंतर शून्य. तिथं लागतं न्यूजव्हेंडरचं गणित, म्हणजे पेपर विकणाऱ्याचं, सकाळी किती पेपर घ्यायचे ते एकदाच ठरवायचं, संध्याकाळी उरला तर रद्दी.

त्यात दोनच आकडे लागतात. एक बॅग कमी पडली तर किती गेलं आणि एक बॅग उरली तर किती गेलं. कमी पडल्याचं नुकसान भागिले दोन्ही नुकसानांची बेरीज, जो अपूर्णांक येईल तितक्या हिश्श्याच्या वर्षांत माल पुरला पाहिजे इतका साठा घ्यायचा.

आकडे समजा असे आहेत. आठ हंगामांची मागणी चढत्या क्रमानं ९०, ११०, १२०, १३०, १४०, १५०, १७०, २०० बॅगा. बॅगेमागं तुमचा नफा १५०. कंपनी उरलेला माल परत घेते, भाडं आणि व्याज धरून बॅगेमागं ५० जातात. १५० भागिले २००, म्हणजे ०.७५. आठातल्या सहा वर्षी पुरेल तो आकडा घ्या, १५० बॅगा. आता हीच बॅग कंपनी परत घेत नाही असं धरा, मोंढ्यात धान्याच्या भावानं विकून ९०० चा फटका. १५० भागिले १०५०, म्हणजे जेमतेम ०.१४, उत्तर येतं ११० बॅगा. माल तोच, गाव तेच, पाऊस तोच, फक्त वापसीची अट बदलली आणि चाळीस बॅगांचा फरक पडला. म्हणून कंपनीच्या माणसाशी स्कीमवर बोलण्याआधी वापसीवर बोला, कोणत्या तारखेपर्यंत, किती टक्के, भाडं कोणाचं. आणि बुरशीनाशक लावलेलं बियाणं असेल तर ते खाण्याच्या मालात विकताच येत नाही, विषारी असतं ते, मग तिथं उरलेल्या बॅगेचं नुकसान म्हणजे अख्खी खरेदी किंमत धरायची.

दारव्ह्याकडचा
हे पहिल्यांदाच असं नीट समजलं भाऊ. पण आमच्याकडं माणूस जिथं बियाणं घेते तिथंच मग खत आणि फवारणीचं औषधही घेते. बॅग नाही मिळाली तर तो फक्त दीडशे रुपये नाही, हंगामभराचा गिऱ्हाईक घेऊन जाते.

वऱ्हाडी_गणित
मग ते पण धरा, बरोबर आहे तुमचं. वापसी नसलेल्या हिशोबात समजा त्याचे अजून २०० धरले तर ३५० भागिले १२५०, म्हणजे ०.२८, आणि उत्तर ११० वरून १२० वर जातं. बीटी कपाशीत तर हे जास्तच लागू, कारण पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते, टंचाई असली तरी जास्तीचा भाव लावायचा नाही, म्हणजे तुमची खरी कमाई गिऱ्हाईक टिकण्यातच आहे. हा आकडा काढायला एक्सेलमध्ये परसेंटाइलचं फंक्शन आहे, पण आठ-दहा आकडे वहीत क्रमानं लावले तरी काम होतं.

वर्धा_महिला_एफपीसी
दादा, आकडे कुठून आणायचे हा खरा प्रश्न आहे. आमच्या शेतकरी कंपनीत विक्रीच्या वहीशेजारी आम्ही "नाही"ची वही ठेवली आहे. कोण आलं, कोणतं वाण मागितलं, किती, आणि आपल्याकडं नव्हतं म्हणून दुसरं घेतलं की परत गेलं. एवढंच. बिलावरून मागणी कधीच कळत नाही, माल संपल्या दिवसापासून बिलं खोटी बोलायला लागतात.

दुसरं म्हणजे सोयाबीनची मागणी मे महिन्यात नाही, आधीच्या ऑक्टोबरातच अर्धी ठरलेली असते. काढणीच्या वेळी पाऊस झाला, शेंगा भिजल्या, की घरचं बियाणं उगवणीत मार खातं आणि लोक दुकानाकडं वळतात. कोरडी काढणी झाली तर घरचंच पेरतात. आमच्या बाया एप्रिलमध्ये ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघतात, सत्तरच्या वर आली तर बियाणं चांगलं. किती घरी सत्तरच्या खाली आली हे विचारत फिरलं की गेल्या वर्षीच्या बिलापेक्षा कितीतरी चांगला अंदाज येतो. आणि दुबार पेरणीसाठी थोडा माल पहिल्याच झटक्यात उचलण्यापेक्षा वितरकाकडं शब्द टाकून ठेवा. ७५ ते १०० मिलिमीटर पावसाशिवाय पेरू नका असं कृषी विभाग सांगतो तरी लोक पहिल्या सरीवर पेरतात, मग पावसानं ताण दिला की पुन्हा बियाणं शोधत येतात.

गोदामकीपर
खताबद्दल कोणीच नाही बोललं. युरिया हंगाम संपला म्हणून वाया जात नाही, ओल लागू दिली नाही तर. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब. इथं प्रश्न किती हा नाही, ऑर्डर कधी द्यायची हा आहे. त्याला रीऑर्डर पॉइंट म्हणतात. समजा वर खत द्यायच्या दिवसांत रोज २० बॅगा जातात, खालीवर ८ चा फरक, आणि गाडी यायला सरासरी ६ दिवस पण त्यात ३ दिवसांचा मागंपुढं. ६ गुणिले २० म्हणजे १२० तर लागतातच, वर सेफ्टी स्टॉक, म्हणजे खप वाढला किंवा गाडी लांबली तर हाताशी असावा असा जास्तीचा साठा. सूत्रानं शंभरातल्या ९५ वेळा पुरेल असा काढला तर साधारण १०४ येतो, म्हणजे २२४ बॅगा उरल्या की फोन करायचा. आता गंमत पहा, गाडी ठरल्या दिवशी पक्की येणार असेल तर तोच सेफ्टी स्टॉक फक्त ३२ होतो. सत्तर बॅगा निव्वळ गाडीच्या भरवशासाठी गोदामात पडून. म्हणून खताची रेल्वे रॅक कधी लागणार आणि आपल्या तालुक्याची गाडी कोणत्या दिवशी भरणार एवढी खबर ज्याच्याकडून मिळते त्याच्याशी संबंध ठेवा, त्या खबरीची किंमत गोदाम वाढवण्यापेक्षा जास्त आहे.

ईओक्यू अगदी टाकाऊ नाही हो. सरकी ढेप वर्षभर जाते तिथं लावा. वर्षाला ६०० पोते, एका खेपेचं भाडं-हमाली ८००, एक पोतं वर्षभर ठेवायचा खर्च ३०० धरला तर ५७ पोते येतात. गाडीत ७० बसत असतील तर बिनधास्त ७० आणा, खर्च दोनच टक्के वाढतो, हे सूत्र तेवढं सैल आहे. फक्त पावसाळ्यात ढेपेला बुरशी धरते, तेव्हा कमीच आणा.

पुसदकर
औषधांसाठी टॅली वापरा, बॅचप्रमाणे एक्स्पायरी टाकता येते आणि रीऑर्डर लेव्हल पण. एबीसी करा, म्हणजे रुपयांच्या हिशोबानं वरची थोडी औषधं रोज मोजा आणि बाकीची महिन्यातून एकदा, सगळ्या बाटल्यांवर सारखी नजर ठेवायला गेलं तर कशावरच राहत नाही.

आणि वाणाच्या अफवेपासून सांभाळा. अमुक कपाशी यंदा मिळणार नाही असं झालं की एकच कास्तकार चार दुकानात नाव लिहून ठेवतो, चारही दुकानदार ती मागणी खरी धरतात, तुटवडा म्हणून वरून आणखी फुगवून मागतात, आणि वितरकाच्या कागदावर एकाची दहा पाकिटं दिसतात. याला बुलव्हिप म्हणतात, १९९७ मध्ये हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी त्याची कारणं मांडली त्यात हे टंचाईतलं फुगवणं एक आहे. नाव लिहिताना थोडा ॲडव्हान्स घ्या, खरी मागणी लगेच वेगळी पडते.

दारव्ह्याकडचा
लय आभार सगळ्यांचे. अजून दोन गोष्टी. डीएपीसोबत दुसरं काहीतरी गळ्यात मारतात, ते लिंकिंग कसं धरायचं? आणि शेजारच्या गावच्या दुकानदारासोबत ठरवून साठा वाटून ठेवला तर? त्याच्याकडं उरते तेव्हा माझ्याकडं कमी असते.

वऱ्हाडी_गणित
लिंकिंगचा माल जेवढ्याला पडला त्यातून तो खरोखर किती रुपयांत निघेल ते वजा करा, उरलेला तोटा सोबतच्या डीएपीच्या बॅगांवर वाटा, तीच त्या बॅगेची खरी खरेदी. मग तो वितरक स्वस्त पडतो की दुसरा ते दिसेल. कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार पण करा, लिंकिंग करायला परवानगी नाही.

साठा वाटून घेणं गणितानं एकदम बरोबर, दोन गावांचा पाऊस एकसारखा नसतो म्हणून एकत्र सेफ्टी स्टॉक दोघांच्या बेरजेपेक्षा कमी लागतो. पण कायद्यात अडकाल, ते पुसदकर सांगतील.

पुसदकर
हो भाऊ, खताच्या परवान्यावर ज्या कंपनीचा ओ फॉर्म, म्हणजे माल कुठून येतो त्याचा दाखला, जोडलेला आहे त्याच ठिकाणचा माल तुमच्या दुकानात पाहिजे, बियाण्यालाही उगम प्रमाणपत्र लागतं. शिवाय पॉस मशीनवरचा, म्हणजे खतविक्री नोंदवायच्या मशीनवरचा साठा आणि गोदामातला साठा जुळला नाही तर तपासणीत परवान्यावर येते. म्हणून माल इकडून तिकडं नका करू, गिऱ्हाईक पाठवा. दोघांनी रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर वाणानुसार शिल्लक टाकायची, आमच्याकडं तीन दुकानं असंच करतात. आणि तुम्ही व्हिडिओ विचारले होते, एनपीटेलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन लेक्चरच्या साइटवर, आयआयटी मद्रासची ऑपरेशन्स रिसर्चची लेक्चर्स फुकट आहेत, इंग्रजीत आहेत पण फळ्यावर सोडवून दाखवतात, इन्व्हेंटरीचे तेवढे पहा.

दारव्ह्याकडचा
ठीक. "नाही"ची वही आजच घेतो, आणि सोयाबीनच्या वापसीची तारीख लेखी दिल्याशिवाय यंदा ऑर्डर नाही देत. बाबांना ते ११० आणि १५० वालं दाखवलं, ते म्हणतात आपले जुने बिलबुक माळ्यावर हायेत, काढून देतो.