ओव्हनमध्ये २४ दिवस ठेवलेल्या केबलवर ४० वर्षं विश्वास ठेवायचा का?

गेज_ग्लास:
परवा कोल्हापुरात शाहूपुरीत चहाला बसलो होतो. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला आणि आमच्यातला एक जण म्हणाला, "अपघात झालाच तर आतली यंत्रं कुठं टिकायला लागलीत? सगळं कागदावर." तेव्हा गप्प बसलो, कारण चहा संपेपर्यंत सांगून होईल असं ते उत्तर नव्हतं. इथं सविस्तर लिहितो. माझं मत स्पष्ट आहे: यंत्रं टिकतात हे सिद्ध करता येतं, आणि त्याची पद्धत मी पाहिलेल्या कुठल्याही कारखान्यातल्या चाचणीपेक्षा कडक आहे.

मी साखर कारखान्यांच्या बॉयलरवर इन्स्ट्रुमेंटेशनचं, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांचं काम करतो. एका कारखान्यात ऐन गाळपात कंट्रोल रूममध्ये ड्रम लेव्हल, म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी, ५४ टक्के दिसत होती आणि ड्रमला लावलेल्या काचेच्या नळीत, गेज ग्लासमध्ये, पाणी पार तळाला. फायरमननं डोळ्यानं बघितलं म्हणून बॉयलर वाचला. पातळी मोजून कंट्रोल रूमला कळवणारा ट्रान्समीटर उघडला तर आतल्या टर्मिनलवर पाण्याचे थेंब. केबल आत शिरते तिथल्या ग्लँडचं रबर कडक होऊन चिरलेलं, तिथून वाफ आत गेलेली. दोन टर्मिनलमधून करंट गळत होता आणि तो ४ ते २० मिलिअँपच्या लूपमध्ये, म्हणजे पातळीचा सिग्नल नेणाऱ्या करंटमध्ये, मिसळून कंट्रोल रूमला पातळी जास्त दाखवत होता. ट्रान्समीटरमध्ये काही दोष नव्हता. रबर गेलं होतं, बास.

आता हेच अणुभट्टीत कल्पना करा. मोठा पाइप फुटला की काही सेकंदांत कंटेनमेंट, म्हणजे भट्टीभोवतीची बंदिस्त इमारत, वाफेनं भरतं. अमेरिकी दाबित पाण्याच्या भट्ट्यांसाठी चाचणीत तापमान १७० अंशांच्या आसपास नेतात, आणि एकूण किरणोत्सर्गाचा डोस २० कोटी रॅडपर्यंत (रॅड हे शोषलेल्या किरणोत्सर्गाचं माप) धरतात. ज्या घटकेला आतलं सगळं बिघडलेलं असतं, त्याच घटकेला या ट्रान्समीटरनं खरं बोलायचं असतं.

म्हणून पद्धत अशी. एकच नमुना घ्यायचा. आधी ओव्हनमध्ये तापवून त्याला म्हातारा करायचं, मग किरणोत्सर्ग देणाऱ्या कोबाल्ट-६० समोर ठेवायचं, मग कंप द्यायचे, मग भूकंपाच्या टेबलावर हलवायचं आणि शेवटी वाफेच्या भांड्यात घालायचं, तेही चालू स्थितीत, रीडिंग घेत घेत. टप्प्याटप्प्याला नवा नग घेता येत नाही. आयट्रिपलई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या १९७४ च्या ३२३ क्रमांकाच्या मानकात वर मार्जिनही सुचवलंय: तापमान साधारण ८ अंश जास्त, दाब १० टक्के जास्त. (भूकंपाचं टेबल कशाला, असं कुणी विचारलं तर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा हादरा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.)

आणि हे सगळं ठेच लागून आलेलं शहाणपण आहे. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात झडप उघडीच अडकली होती. पॅनेलवरचा दिवा मात्र झडपेची खरी स्थिती दाखवत नव्हता, बंद व्हायचा सिग्नल गेला एवढंच सांगत होता. ऑपरेटरांनी दिव्यावर विश्वास ठेवला. पुढं १९८३ मध्ये अमेरिकेनं अपघाताच्या वातावरणात टिकणाऱ्या विद्युत उपकरणांचा नियमच केला.

पॉलिमरवाली:
दादा, पद्धत तुम्ही छान सांगितलीत, पण "सिद्ध" हा शब्द मला मान्य नाही. मी कॉलेजात पॉलिमर, म्हणजे रबर-प्लास्टिकसारखे पदार्थ, शिकवते, आणि या सगळ्यात मला सर्वांत कच्चा दुवा वाटतो तो तुमच्या पहिल्या टप्प्याचा, ओव्हनचा.

५० अंशांत ४० वर्षं राहणारी केबल १२० अंशांच्या ओव्हनमध्ये किती दिवस ठेवायची? तापमान वाढलं की रबर किती वेगानं म्हातारं होतं, हे अऱ्हेनियसचं सूत्र सांगतं. त्यात सक्रियण ऊर्जा (प्रत्येक पदार्थाचा हा आकडा वेगळा असतो) १ इलेक्ट्रॉन व्होल्ट धरली तर साधारण २४ दिवस. तीच ०.८ धरली तर ८८ दिवस! म्हणजे तुम्ही १ धरून २४ दिवसांत केबल बाहेर काढलीत आणि त्या रबराचा खरा आकडा ०.८ निघाला, तर ४० नाही, ११ वर्षांचंच वय घातलंत. नंतरची वाफेची चाचणी कितीही कडक असू दे, ती तुम्ही तरुण केबलवर घेतलीत.

दुसरं, डोस वेगात देण्याबद्दल. अमेरिकेतल्या सवाना रिव्हरच्या अणुभट्टीत पॉलिइथिलीन इन्सुलेशनच्या केबल १२ वर्षांत खराब झाल्या. एकूण डोस असा होता, की तो प्रयोगशाळेत भराभर दिला तर फारसं काही बिघडत नव्हतं. डोस सावकाश दिला की ऑक्सिजनला आत मुरायला वेळ मिळतो, आणि नुकसान तोच करतो. वर्षांचं काम दिवसांत उरकायला गेलं की नेमकं हेच हातून सुटतं.

शिरोलीकर:
मॅडमचं पटलं, आणि माझा विरोध त्याच्याही पुढचा आहे. माझं मशीन शॉप आहे, व्हॉल्व्हच्या बॉडी आणि इन्स्ट्रुमेंटची हाउसिंग करतो. अशा कामाची चौकशी एकदा आली होती. नग थोडे आणि चाचणीचा खर्च सगळ्या ऑर्डरच्या कितीतरी पट. लहान माणूस तिथंच संपतो. बरं, नमुना एकदा पास झाला की डिझाइन गोठलं. पाच वर्षांनी रबर करणारा माल बदलतो, कधी धंदाच बंद करतो, आणि कागदावर पार्ट नंबर मात्र तोच. मग सिद्ध काय झालं? जुना नग.

माझं म्हणणं असं की साधे, चांगले ट्रान्समीटर वापरा, कंटेनमेंटच्या बाहेर बसवा, बारीक इम्पल्स लाइन, म्हणजे दाब पोचवणारी नळी, आत न्या आणि दर काही वर्षांनी बदला. आत ठेवूच नका, म्हणजे भाजायची भानगड नाही.

गेज_ग्लास:
शिरोलीकर, बाहेर बसवतात की, जिथं जमतं तिथं. पण लाइन आतच राहते ना. बॉयलरच्या ड्रमला कंडेन्सेट पॉट असतो. त्याच्या संदर्भ नळीतल्या पाण्याशी तुलना करूनच ट्रान्समीटर पातळी मोजतो. ते पाणी उडालं तर दिसणारी लेव्हल कुठं जाते? वर! जपानमधल्या फुकुशिमा अणुकेंद्राच्या १ नंबर युनिटला हेच झालं. ११ मार्च २०११ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास भट्टीतल्या पाण्याची पातळी इंधनाच्या वरच्या टोकापेक्षा २०० मिलिमीटर वर दिसत होती. इंधन त्याआधीच उघडं पडलं होतं. आतल्या उष्णतेनं संदर्भ नळीतलं पाणी उडालं होतं. ट्रान्समीटर आत आहे की बाहेर, यानं काय फरक पडला असता?

राजाराम_बंधारा:
गेजदादा, हे उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. टेबलावर हलवून, वाफेत उकडून पास झालेलं यंत्रसुद्धा खोटं बोललं, कारण अपघात चाचणीत धरला होता तसा झाला नाही. फुकुशिमात मीटर चालवायला वीजच नव्हती. लोकांनी गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि कंट्रोल रूममध्ये जोडल्या तेव्हा काटे हलले. आपल्याकडं उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात ३१ मार्च १९९३ ला टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, केबल जळाल्या आणि जवळजवळ १७ तास केंद्र विजेविना होतं. यात वाफेच्या चाचणीचा संबंध कुठं येतो?

आम्ही पंचगंगेच्या काठची माणसं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांवर गेलं. उपसा केंद्रं बुडाली आणि गावाला महापुराचा वेढा पडलेला असताना प्यायला टँकर मागवावे लागले. त्या मोटारी काय निकृष्ट होत्या? त्या बुडतील हे कुणी धरलंच नव्हतं. माझी मागणी एवढीच आहे की यंत्र पास झालं असं सांगताना कुठल्या अपघातासाठी पास झालं, तेही मोठ्या अक्षरात लिहा.

गेज_ग्लास:
हे मान्य, आणि सरळ मान्य. "टिकतं" असं मी मोघम लिहिलं, ते चुकलं. "गृहीत धरलेल्या पाइपफुटीत, अमुक तास टिकतं" असं लिहायला हवं होतं. पण तेवढ्यावरून चाचणी सोडून द्या म्हणाल तर मी ऐकणार नाही. पाइपफुटीत तरी यंत्र खरं बोलेल ही खात्री मला हवी. ती नसेल तर ऑपरेटरनं कशाच्या जोरावर निर्णय घ्यायचा?

शिरोलीकर:
सोडा कोण म्हणतंय! लहान कारखानदाराला परवडेल अशी करा म्हणतोय. वाफेचं भांडं आणि कोबाल्टचा स्रोत सरकारी प्रयोगशाळेनं द्यावा, आम्ही नग देतो. आणि रबराचा लॉट बदलला तर निदान रबराची चाचणी पुन्हा व्हावी. हे होत नाही तोवर माझा विरोध कायम.

पॉलिमरवाली:
लॉटचं अगदी बरोबर. माझ्या मते ओव्हनवर भरवसा ठेवायचाच असेल तर त्याला साक्षीदार लागतो. प्रकल्प सुरू होतानाच त्याच केबलचे जादा तुकडे आत, गरम आणि किरणोत्सर्गाच्या जागी टांगून ठेवायचे आणि दर काही वर्षांनी एक काढून ताणून बघायचा. ताणल्यावर मूळ लांबीच्या निम्म्यानंही वाढायच्या आत तुटायला लागला की त्या केबलचं आयुष्य संपलं असं साधारण धरतात. म्हणजे ओव्हननं सांगितलेली ४० वर्षं खरी की ११, ते अपघाताच्या आधी कळेल.

गेज_ग्लास:
ताई, त्या ग्लँडचं चिरलेलं रबर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नख दाबलं तर खूण उमटत नाही, वाकवलं की भेग वाढते. बॉयलरच्या माथ्यावर सहा हंगाम होतं. तुमच्या प्रयोगशाळेत ताणून बघता येईल का?

पॉलिमरवाली:
आणा. पण त्याच मेकचं नवं रबरही आणा, नाहीतर मी तुलना कशाशी करू? आणि बॉयलरच्या माथ्यावर उन्हाळ्यात नेमकं किती तापमान असतं ते एकदा थर्मामीटर लावून मोजून आणा, अंदाजानं सांगू नका.